चुंबकाचे अंतरंग (भाग ७) : अणूएवढी जाडी आणि सूक्ष्म कणांची स्मृती

लोखंडाच्या एका चुंबकीय प्रदेशातील असंख्य अणूंची चुंबकीय परिबले परस्परांना समांतर राहतात ती शेजारच्या अणूंमधील विनिमय आंतरक्रियेमुळे, हे मागील भागात स्पष्ट केले आहे. ही आंतरक्रिया जवळच्या शेजाऱ्यांपुरतीच मर्यादित असूनही तिच्यातून निर्माण होणारा क्रम फार दूरवर पोचतो आणि लोखंडात तो ७७० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे क्यूरी तापमानापर्यंत, टिकतो. पदार्थाची जाडी कमी करत एका थरावर आणली, किंवा तो सर्व बाजूंनी लहान करत सूक्ष्म कण बनवला, तर या क्रमाचे काय होते, हा या भागाचा विषय आहे.

पातळ थरांविषयीचे सैद्धांतिक उत्तर प्रथमदर्शनी निराशाजनक होते. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये असे सिद्ध केले की, परिबलांना सर्व दिशा सारख्याच असतील आणि आंतरक्रिया अल्प पल्ल्याची असेल, तर द्विमितीय पदार्थात निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला दीर्घ पल्ल्याचा चुंबकीय क्रम असू शकत नाही. याचे कारण असे की, परिबलांची दिशा एका अणूपासून पुढच्या अणूपर्यंत किंचित किंचित वळवत नेणाऱ्या लांब तरंगांना जवळजवळ ऊर्जा लागत नाही. त्रिमितीय पदार्थात अशा तरंगांचा एकत्रित परिणाम मर्यादित राहतो, परंतु द्विमितीय थरात तो थराच्या विस्ताराबरोबर वाढत जाऊन क्रम पुसून टाकतो.

मात्र या सिद्धांतातील अट दुर्लक्षून चालत नाही. स्फटिकाच्या रचनेमुळे परिबलांना एखादा अक्ष अधिक सोयीचा असेल, म्हणजेच पदार्थात चुंबकीय विषमदिकता असेल, तर त्या अक्षापासून ढळण्यासाठी किमान काही ऊर्जा मोजावीच लागते आणि लांब तरंगही फुकट उठत नाहीत. परिबलांना वर किंवा खाली एवढ्या दोनच दिशा असलेल्या प्रतिमानात द्विमितीय क्रम टिकतो, हे ऑन्सागर यांच्या १९४४ मधील गणिताने आधीच निर्विवाद झाले होते.

प्रत्यक्ष पदार्थातील एका थराच्या लोहचुंबकत्वाचा ठळक पुरावा २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडने दिला. त्याच्या स्फटिकापासून चिकटपट्टीने सोलून काढलेला एकच थर ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबक राहतो, तर जाड स्फटिकाचे क्यूरी तापमान ६१ केल्विन आहे. क्रम होता हे थरावरून परावर्तित झालेल्या ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किंचित फिरल्यावरून कळले. येथे आयोडीनचा जड अणू महत्त्वाचा ठरतो, कारण त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिन आणि कक्षीय गतीतील घट्ट सांगडीमुळे थराला लंब असलेली दिशा सोयीची होते. त्याच वर्षी अभ्यासलेल्या क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगात ही विषमदिकता क्षीण असल्याने थर कमी होत गेले तसे क्रमाचे तापमान झपाट्याने घसरले, आणि बाहेरून लावलेल्या लहानशा चुंबकीय क्षेत्रानेही ते लक्षणीय वर चढले. सिद्धांताची इतकी स्वच्छ पडताळणी क्वचितच मिळते.

सूक्ष्म कणाची गोष्ट निराळी आहे आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. काही नॅनोमीटरच्या कणात आतला क्रम बहुधा अभंगच असतो. अस्थिर होते ती त्या संपूर्ण कणाची सामुदायिक दिशा. लुई नेल यांनी १९४९ मध्ये दाखवले की, दिशा उलटण्यास लागणारा सरासरी काळ हा विषमदिकतेची ऊर्जा आणि औष्णिक ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, आणि विषमदिकतेची ऊर्जा कणाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते. परिणामी कोबाल्टच्या सुमारे ७ नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाची दिशा सामान्य तापमानाला सेकंदाच्या अंशात उलटते, तर ९ नॅनोमीटरच्या कणाची दिशा अनेक दशके टिकू शकते.

नेल यांच्या विवेचनाला भाजलेल्या मातीतील चुंबकत्वाचा संदर्भ होता, आणि थंड होणाऱ्या लाव्हारसालाही तेच तत्त्व लागू पडते. सह्याद्रीच्या बेसाल्टमधील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली; त्यातील बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे, आणि तिच्या कलावरून दख्खनची भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती हे निश्चित करता आले.