पोशाख बदलताना

पेटीतले जुने कपडे काढून नवे भरायचे, तर आधी स्वतःला विचारावे: मी काम काय करतो आणि वावरतो कोणात? आपल्या सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचेच पाहा ना. १८८८ साली ते विलायतेला शिकायला गेले, तेव्हा तिथे सूट आणि उंच टोपी घालीत. १९१५ साली मायदेशी परतले ते काठेवाडी अंगरखा, धोतर, पागोटे घालून. १९२१ च्या जुलैत त्यांनी मुंबईत परदेशी कापडाची होळी केली. पण गरीब माणसे म्हणू लागली, खादी आम्हांला परवडत नाही. मग नेसायचे काय? पंचावर भागवा, असे लोकांना सांगायचे आणि आपण अंगभर कपडे घालायचे, हे त्यांना पटेना. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत त्यांनी स्वतःच पंचा नेसला. ठरवला होता महिनाभरासाठी, राहिला जन्मभर. १९३१ साली लंडनला राजाच्या भेटीलाही ते पंचा नेसूनच गेले.

सर्वांनी पंचा नेसावा, असे मी म्हणत नाही. पण शेजाऱ्याचे पाहून शिवलेला कपडा दोनदा घालून पेटीत पडतो. आपल्या कामाला आणि मनाला पटलेला मात्र विटेपर्यंत अंगावर राहतो.