घरगुती भट्टींत सर्किट बोर्डाचें डाखकाम

विहिरीवरील पंप आपोआप चालविणारीं व जमिनीची ओल मोजणारीं यंत्रें हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांजवळ आहेत. त्यांच्या पोटांतील सर्किट बोर्डावर कित्येक भाग नाचणीच्या दाण्याएवढे असतात. त्यांचे पाय घालण्यास बोर्डास भोकें नसतात. ते पृष्ठभागावरच डाखानें बसवावे लागतात.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मळ्यावरील असें एक यंत्र ऐन पाण्याच्या वेळीं बंद पडलें व वांग्याचे दोन वाफे वाळले. तेव्हां खारदांडा येथें राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें बोर्ड घरींच करण्याचें मनावर घेतलें, व आम्हीं त्यास हातभार लावला.

पाव भाजण्याची जुनी विजेची भट्टी घेतली. उष्णता मोजणारें थर्मोकपल, सॉलिड स्टेट रिले व लहानसा नियंत्रक हें सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलें. डाख ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असा घेतला. तो १८३ अंश सेंटिग्रेडला वितळतो. बिनशिशाच्या डाखास सुमारें २१७ अंश लागतात. डाखाचा लेप बोर्डावर लावून त्यावर चिमट्यानें एकेक भाग ठेविला.

पहिला बोर्ड फुकट गेला. थर्मोकपल भट्टीच्या हवेंत लोंबत होतें; हवा २१५ अंशांवर गेली तरी बोर्ड मागेंच राहिला व डाख रवाळ राहिला. मग थर्मोकपल एका टाकाऊ बोर्डास चिकटवून तो शेजारीं ठेविला. पुढें क्रम असा जमला: ९० सेकंदांत १५० अंश, तेथून १८० पर्यंत सावकाश, आणखी ९० सेकंद, नंतर २१५ पर्यंत चढ. १८३ च्या वर एकंदर एक मिनिटच राहूं द्यावें. मग भट्टी बंद करून दार उघडावें, आणि डाख थिजेपर्यंत बोर्डास हात लावूं नये. एकदम तापविल्यास भाग तडकतात, फार वेळ ठेविल्यास बोर्ड करपतो.

एक गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. अशा भट्टींत पुन्हां अन्न कधींही भाजूं नये. शिसें हें विष आहे. खिडकी उघडी ठेवावी, हात साबणानें धुवावे, व भट्टीचें अर्थिंग शाबूत असल्याची खात्री करावी.

तिसरा बोर्ड मळ्यावर बसविला, तो पाऊस लागेपर्यंत बिनतक्रार चालला. भट्टी कोणासही मिळेल. मोजमाप मात्र जेथें काम चाललें आहे तेथेंच घेतलें पाहिजे. चावडींत बसून केलेली पीकपाहणी किती खरी असते, हें आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.