पायांनी शिकलेले गणित

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे वैद्यनाथाचे प्राचीन देवालय आहे. ते उंचावर असल्यामुळे तेथे जाण्यासाठी रुंद दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत. आईचा हात धरून एखादे चार वर्षांचे मूल अशा पायऱ्या चढू लागते, तेव्हा ते पुष्कळदा मोठ्याने अंक म्हणते. सहावी पायरी येते न येते, तोच त्याचे तोंड दहापर्यंत पोचलेले असते! ऐकणाऱ्यांना कौतुक वाटते. परंतु त्याच मुलाला सहा खडे आणावयास सांगितले, तर ते ओंजळ भरून आणते. अंकांची नावे त्याला पाठ झालेली असतात. संख्या मात्र समजलेली नसते.

तेच मूल एका पायरीला एकच अंक म्हणू लागले, की पाऊल आणि शब्द यांची जोडी जुळते. एकही पायरी सुटत नाही, एकही दोनदा मोजली जात नाही. शेवटच्या पायरीवरचा अंक सर्व पायऱ्यांची संख्या सांगतो, हेही त्याला हळूहळू उमगते. गणिताचा पाया तो हाच.

हा पाया खेळातून पक्का करता येतो. अंगणात खडूने ओळीने घरे आखावीत आणि त्यांत ० पासून १० पर्यंत अंक लिहावेत. मुलाने ३ च्या घरात उभे राहून ४ उड्या पुढे माराव्यात. ते ७ वर पोचते. तेथून २ उड्या मागे घेतल्या, की ५ येतात. पाटीवर अशी बेरीज मोजताना काही मुले ज्या अंकावर असतात तोच पुन्हा मोजतात आणि चुकतात. अंगणात मात्र उडी मारल्यावाचून मोजता येत नाही; म्हणून चूक तेथल्या तेथे ध्यानी येते.

दुसरा खेळ भागाकाराचा. चौदा मुले रिंगणात धावत असताना कोणी ‘तीन!’ अशी हाक देतो. मुले तिघातिघांनी हात धरतात. चार गट होतात आणि दोन मुले उरतात. बाकी म्हणजे काय, हे त्या दोघांना निराळे सांगावे लागत नाही.

मोठ्या मुलांच्या विटी-दांडूतही असेच गणित दडलेले आहे. विटी किती दूर पडली, ते दांडूने मोजताना पुष्कळ ठिकाणी वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, जंकू अशी सात नावे घेतात. सात झाले, की पुन्हा वकट. शेवटी जे नाव येते, त्याप्रमाणे पुढचा टोला मारावयाचा. अंतर २३ दांडू भरले, तर सातचे तीन फेरे होऊन दोन उरतात; म्हणजे लेंड आले. यांपैकी पहिली चार नावे तेलुगू भाषेतील एक ते चार या अंकांच्या नावांशी मिळतीजुळती आहेत, हेही मोठे मौजेचे आहे.

बालकांनी हाताळून आणि खेळून शिकावे, हे तत्त्व महाराष्ट्रातील खेड्यांत नेण्याचे मोठे कार्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांचे काम सुरू झाले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालशिक्षणाची महागडी साधने खेड्यात कोठून मिळणार? त्यांनी खडे, शिंपले, बिया आणि पाने यांनाच साधने बनविले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी होय.

खेळाने पाटीची गरज संपत नाही. पाढे पाठ करावेच लागतात. परंतु अर्थ न कळता नुसती घोकंपट्टी केली, तर कित्येक मुलांच्या मनात गणिताची भीती बसते आणि ती पुढे वर्षानुवर्षे जात नाही. ज्याने ३ वरून ७ वर स्वतः उड्या मारल्या आहेत, त्याला पाटीवरची तीच बेरीज ओळखीची वाटते. घरात धाकटे भावंड असेल, तर त्याच्यासाठी खडूचा एक तुकडा आणि थोडे अंगण एवढी सामग्री पुरेशी आहे.