नऊ मीटरमध्ये काय काय मावते

बदलापूर सोडून लोकल कर्जतकडे निघाली की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी ही स्टेशने ओळीने येतात. रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी भाताची खाचरे होती. आता त्यातल्या कित्येक खाचरांत प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवले गेले आहेत, कुठे बैठी घरे तर कुठे सात-आठ मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी कुटुंबे इथे घर पाहायला येतात. खोल्या किती, स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ, हप्ता किती, याची ती बारकाईने चौकशी करतात. रस्त्याची चौकशी मात्र बहुधा एकाच प्रश्नात आटोपते : गाडी आतपर्यंत येते ना?

तेवढ्याने भागत नाही. घराची फरशी बदलता येते, नळ बदलता येतात, पन्नास वर्षांनी इमारतही पाडून नव्याने बांधता येते. ले-आउटमधला रस्ता एकदा आखला गेला, दोन्ही बाजूंचे प्लॉट विकले गेले, कुंपणे पडली, की तो अर्धा मीटर रुंद करायचा म्हटले तरी प्रत्येक मालकाची जमीन मागावी लागते. रस्त्याची रुंदी, उतार आणि तो कुठे जाऊन संपणार, हे सगळे नकाशावरच ठरते, पहिले कुटुंब राहायला येण्याच्या कितीतरी आधी.

हे ठरवण्यासाठी नियम आहेत. डिसेंबर 2020 पासून बृहन्मुंबई महापालिकेची हद्द आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. त्याआधी वेगवेगळ्या शहरांना आणि प्रादेशिक योजनांना वेगवेगळे नियम होते. या नियमावलीनुसार निवासी ले-आउटमधला अंतर्गत रस्ता 150 मीटरपर्यंत लांब असेल तर तो किमान 9 मीटर रुंद हवा. 300 मीटरपर्यंत लांब असेल तर 12 मीटर, आणि त्याहून लांब असेल तर 15 मीटर. त्यामागचा विचार सरळ आहे. रस्ता जितका लांब, तितकी त्यावर घरे जास्त आणि वर्दळही जास्त. बांधकामाचे क्षेत्रही रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. रुंद रस्त्यावरच्या प्लॉटला प्रीमियम भरून किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन अधिक चटईक्षेत्र मिळू शकते, त्यामुळे रुंदीत बिल्डरचाही फायदा असतो.

पण 9 मीटर म्हणजे नेमके किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता जाऊ शकतील, व्हीलचेअर किंवा बाबागाडी जाऊ शकेल, एवढी ती रुंदी. दोन्ही बाजूंना असे पदपथ केले आणि गटारे त्यांच्याखाली झाकून घेतली, तर गाड्यांसाठी 5.4 मीटर उरतात. दोन मोटारी सावकाश एकमेकींच्या बाजूने जाऊ शकतात. एका बाजूला गाड्या उभ्या राहिल्या की साधारण 3.4 मीटर वाट राहते. अग्निशमन दलाची गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते. ती त्यातून आत जाते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे दीड मीटरही उरत नाही. मग बंब कोपऱ्यावरच थांबतो आणि नळी हाताने ओढत न्यावी लागते.

म्हणजे 9 मीटर पुरतात, पण त्यातला प्रत्येक मीटर कशासाठी हे आधी ठरलेले असेल तरच. अनेक नव्या ले-आउटमध्ये तसे होत नाही. कुंपणापासून कुंपणापर्यंत डांबर किंवा पेव्हर ब्लॉक घातले जातात आणि तोच रस्ता मानला जातो. पदपथ नसतो, झाडाला आळे नसते, विजेचा खांब वाटेच्या मधोमध येतो. नंतर नळजोडणीसाठी, मग केबलसाठी, मग सांडपाण्याच्या नळासाठी तोच रस्ता पुन:पुन्हा खणला जातो. वास्तविक नियमावली नुसती रुंदी सांगून थांबत नाही. अंतर्गत रस्ता सपाट केलेला, खडी टाकून पक्का केलेला, गटारांचा, दिव्यांचा, पाण्याच्या नळाचा आणि गरजेप्रमाणे सावलीच्या झाडांचा असावा, असे तिच्यात लिहिलेले आहे. रुंदीची अट मंजुरीच्या वेळी टेपने मोजली जाते. बाकीच्या अटींकडे काम संपताना कुणीतरी तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवे.

नेरळमध्ये या अटींपैकी गटाराची अट सर्वांत मोलाची आहे. गाव माथेरानच्या पायथ्याशी आहे. सुमारे 800 मीटर उंचीच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओहोळांतून खाली येतो आणि उल्हास नदीकडे धावतो. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. 9 मीटर रुंद आणि 150 मीटर लांब रस्त्याचे क्षेत्रफळ 1,350 चौरस मीटर होते. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, जो इथे पावसाळ्यात नवलाचा नाही, तर नुसत्या त्या रस्त्यावर 1 लाख 35 हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर एका गल्लीत रिकामे केल्यासारखे. छपरांवरचे आणि अंगणांतले पाणी वेगळे.

खाचरे हे पाणी बांधाबांधांतून अडवत, जिरवत आणि हळूहळू पुढे सोडत. ले-आउट करताना खाचरावर मातीचा भराव पडतो, बांध जातात आणि ओहोळाच्या जागी एखादा अरुंद पाइप येतो. पहिल्या जोराच्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधते आणि ती वाट नेमकी नव्या घरांच्या तळमजल्यातून जाते. कधी ते शेजारच्या, भराव न घातलेल्या शेतात तुंबते आणि शेतकऱ्याचे भाताचे रोप कुजते. 26 जुलै 2005 च्या पावसाने नेरळ-माथेरान रेल्वेचा मार्ग जागोजाग वाहून नेला आणि ती गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडले. त्यामुळे इथल्या ले-आउटचा नकाशा ओहोळांपासून सुरू व्हायला हवा. पाण्याच्या वाटा आधी आखायच्या, त्यांना समांतर रस्ते काढायचे, रस्त्याला मधून कडेला पुरेसा ढाळ द्यायचा आणि मोऱ्यांचा आकार उन्हाळ्यातला कोरडा ओहोळ पाहून न ठरवता जुलैतला ओहोळ पाहून ठरवायचा.

दुसरी उणीव दिसायला पाऊस लागत नाही. प्रत्येक ले-आउट आपल्यापुरता बंद असतो : एक कमान, एक गेट, आत दोन-तीन रस्ते आणि शेवटी भिंत. भिंतीपलीकडे दुसऱ्या बिल्डरचा तसाच ले-आउट. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांतल्या मुलांना एकमेकांकडे जायचे तर हमरस्त्याला वळसा घालावा लागतो. शाळा, दवाखाना, वाणी, स्टेशन, सगळ्यासाठी प्रत्येक गाडी त्याच एका रस्त्यावर उतरते आणि तिथेच कोंडी होते. नियमावलीत याचेही उत्तर आहे : ले-आउट मंजूर करताना शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी त्याचे रस्ते जुळवणे आवश्यक मानले आहे. निदान चालण्या-सायकलीपुरती वाट भिंतीतून उघडी ठेवली, तरी स्टेशनला पायी जाणाऱ्या माणसाचे अंतर अर्ध्यावर येऊ शकते.

रस्ता आधी आणि घर नंतर, हा क्रम महाराष्ट्राला नवा नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रस्ते, गटारे आणि बागा आखून मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सच्या सावलीच्या रस्त्यांवर शंभर वर्षांनंतरही लोक आवर्जून चालायला जातात. 1915 साली मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा आला, देशातला तो पहिला. पुण्यात महापालिकेने 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बसायच्या जागा आणि आखीव पार्किंग आणले.

उलट टोकाचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे करून, ले-आउट मंजूर न करता विकले गेले, तिथे दहा-बारा फुटांच्या गल्ल्या उरल्या. त्या वस्त्या नियमित करण्यासाठी 2001 मध्ये राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. घरे नियमित झाली, पण गल्ल्या रुंद करायला जागा शिल्लक नव्हती.

रुंदी वाढवणे हाच प्रत्येक ठिकाणी उपाय, असेही नाही. सरळ, लांब आणि मोकळ्या रस्त्यावर वाहने सुसाट जातात. नेदरलँड्सने 1976 मध्ये निवासी गल्ल्यांना कायद्याने वेगळा दर्जा दिला. तिथे मुले खेळू शकतात आणि मोटारींनी चालण्याच्या वेगाने जायचे असते. ब्रिटनच्या 2007 च्या रस्तेविषयक मार्गदर्शिकेने निवासी रस्त्यांचा आराखडा ताशी सुमारे 32 किलोमीटर वेग धरून करायला सांगितला. आपल्याकडे वेग आवरायला गल्लीत अणकुचीदार गतिरोधक घातले जातात, ज्यांवर रिक्षातल्या गरोदर बाईचे आणि म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि तब्बल 3.7 मीटर रुंद, गोलाईदार असतो. गल्लीला मुळातच हलके वळण दिले, कोपऱ्यावरची त्रिज्या लहान ठेवली आणि कडेला झाडे लावली, तर गतिरोधकाची गरज कमी पडते.

घर घेणाऱ्याच्या हातात यातले बरेच आहे. 1 मे 2017 पासून 500 चौरस मीटरहून मोठ्या आणि आठहून अधिक घरांच्या प्रकल्पांची नोंदणी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, करावी लागते. प्लॉटच्या प्रकल्पांनाही ती लागू आहे. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यावर अंतर्गत रस्त्याची रुंदी, त्याचे टोक, खुल्या जागेचे स्थान आणि ओहोळाची रेषा शोधावी, आणि मग नकाशा हातात घेऊन जागेवर जावे, शक्य असेल तर जुलैत. ग्रामपंचायतीनेही ले-आउटचे रस्ते ताब्यात घेण्याआधी गटारे एका पावसाळ्यात वाहून दाखवावीत, दिवे लागलेले असावेत आणि शेजारच्या ले-आउटकडची वाट उघडी असावी, असा आग्रह धरावा. एकदा रस्ता ताब्यात आला की त्याच्या दुरुस्तीचा खर्च गावाच्या करातून जातो. त्याआधी तो बिल्डरच्या खिशातून जातो.