काडाच्या गठ्ठ्यावरची परसबाग : खरेदीआधी चार प्रश्न

आमच्या घराचे अंगण सहा पावले लांब, चार पावले रुंद आणि पूर्ण सिमेंटचे आहे. फाटकाबाहेर थोडी माती आहे, पण ती घाटाखालची खारपाण माती. पावसाळ्यात चिकट चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. गावी त्यांच्या दारात वांगी, मिरची, कोथिंबीर कायम असायची. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "या घरात चटणीला पुदिना पण विकतच आणता का?" त्या प्रश्नाला उत्तर शोधता शोधता आम्ही काडाच्या गठ्ठ्यावर भाजी लावण्याच्या प्रयोगापर्यंत पोहोचलो. पहिले वर्ष फसले, दुसरे जमले. का फसले आणि कसे जमले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या घरी जमीन नाही, अंगण छोटे आहे किंवा माती खराब आहे, अशा कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा.

ही पद्धत काय आहे?

पीक मळून झाल्यावर उरलेल्या काडाचा घट्ट बांधलेला गठ्ठा घ्यायचा, त्याला पाणी आणि नत्र देऊन आतून कुजवायचे आणि त्यातच रोप लावायचे. गठ्ठा हीच कुंडी आणि गठ्ठा हेच खत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शेतकरी कुटुंबात वाढलेल्या जोएल कार्स्टन यांनी, गोठ्याजवळ फुटून कुजलेल्या गठ्ठ्यांवर तण किती जोमाने वाढते हे लहानपणी पाहिले होते. पुढे त्यांनी त्यावर पद्धत बसवली आणि २०१३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती अनेक देशांत गेली.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीतून फेकला जाणारा उसाचा चोथा पिशव्यांत आणि पिंपांत भरून गच्चीवर भाज्या घेतल्या. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार'च्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घरच्या घरी करण्याचे तंत्र लोकांपर्यंत नेले. शेतातला काडीकचरा जाळण्याऐवजी त्याचीच माती करायची, हा विचार या सगळ्यांत सारखा आहे.

पहिल्या वर्षी काय चुकले?

आम्ही ओळखीतल्या एका विक्रेत्याकडून गव्हाच्या काडाचे चार गठ्ठे आणले. स्वच्छ, पिवळेधमक, घट्ट बांधलेले. भाव विचारला, दुसरे काही विचारले नाही. बारा दिवस पाणी आणि युरिया देऊन टोमॅटो आणि मिरचीची रोपे लावली. तीन आठवड्यांत टोमॅटोची नवी पाने पिळवटली, शेंडे दोरीसारखे वळले. आम्हाला वाटले, रोग आला. पण त्याच रोपांपैकी दोन आम्ही कुंडीतल्या मातीत लावली होती, पाणीही तेच होते, आणि ती ठणठणीत होती. शिवाय गठ्ठ्यात राहिलेले गव्हाचे दाणे उगवून त्यांची हिरवीगार पाती वर आली होती. म्हणजे गहू खुशाल आणि टोमॅटो आजारी. मग डोक्यात प्रकाश पडला. गव्हात रुंद पानाचे तण मारण्यासाठी टू-फोर-डी सारखी तणनाशके फवारतात. ती गव्हाला इजा करत नाहीत, पण टोमॅटो, कापूस, मिरची यांना अगदी थोड्या अंशानेही पिळवटून टाकतात. विक्रेत्याला काय फवारले होते ते सांगता आले नाही. आम्हीही विचारले नव्हते. रोपे उपटली आणि ते काड भाजीपासून लांब कुजत टाकले.

अम्मी काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी मुलाला बाजारात पाठवून पुदिन्याची जुडी मागवली. तेच जास्त लागले.

खरेदीआधीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न : हे कशाचे काड आहे? गव्हाचे काड लांब आणि पोकळ असते. गठ्ठा टिकतो, हंगामभर आकार धरतो, पण त्यात नत्र फार कमी असल्याने बाहेरून जास्त द्यावे लागते. सोयाबीन, हरभरा, तूर यांचे कुटार बारीक असते, त्याचा गठ्ठा नीट बसत नाही, पण डाळवर्गीय असल्याने त्यात नत्र जास्त आणि कुजणे लवकर. ज्वारीचा कडबा यासाठी घेऊ नये. तो जाड असतो, उशिरा कुजतो आणि महागही पडतो. वाळलेले गवत तर नकोच. त्यात तणाचे बी असते आणि गठ्ठ्याचे कुरण होते.

दुसरा प्रश्न : यावर काय फवारले होते? शक्यतो व्यापाऱ्याऐवजी ज्याने पीक घेतले त्याच शेतकऱ्याकडून काड घ्या. तो औषधाचे नाव सांगू शकतो. तरीही घरी परीक्षा घ्याच. दोन मुठी काड भिजवून कुंडीतल्या मातीत मिसळा, त्यात मेथी आणि हरभऱ्याचे दाणे टाका. शेजारी दुसरी कुंडी फक्त मातीची ठेवा. दोन ते तीन आठवडे पाहा. पाने सरळ आणि दोन्ही कुंड्या सारख्या असतील तर काड घ्या. पिळवटलेली किंवा चमच्यासारखी वळलेली पाने दिसली तर फुकट मिळाले तरी नको.

तिसरा प्रश्न : याला पाऊस लागला आहे का? आमच्यासाठी याचे उत्तर 'हो' असेल तर चांगले. भिजून काळपट पडलेले काड स्वस्त मिळते आणि कुजायला अर्धे तयार असते. बुरशीची धूळ उडते म्हणून हाताळताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. असे बुरशी आलेले कुटार बकऱ्यांच्या तोंडी मात्र लागू देऊ नका.

चौथा प्रश्न आमचा नाही, अम्मींचा आहे : हे कोणाच्या तोंडचे तर नाही? दुसऱ्या वर्षी आम्ही हरभऱ्याचे चांगले कुटार ठरवून आलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, जानवर के मुँह का निवाला लेकर टमाटर मत उगाओ." आपल्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. पाऊस कमी झाला की माणसाच्या धान्याआधी जनावराच्या वैरणीची चिंता सुरू होते. हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार बकऱ्या आवडीने खातात. ते आपण चार पैसे जास्त देऊन उचलले, तर शेजारच्या बकरीवाल्या घराला ते महाग होते. म्हणून आम्ही नियम केला : वैरणीच्या लायकीचे काड बागेला नाही.

दुसऱ्या वर्षीची खरेदी

परतीच्या पावसात एका शेतकरी मित्राची सोयाबीनची सुडी भिजली. मळणीनंतरचे काळपट कुटार जनावरे हुंगून सोडत होती. त्याने कोणते तणनाशक कधी मारले ते सांगितले, आम्ही घरी मेथी-हरभऱ्याची परीक्षा घेतली, दाणे सरळ उगवले. गठ्ठे बांधणारे यंत्र त्या गावात नव्हते, म्हणून आम्ही तागाची सहा जुनी पोती घेतली, पायाने दाबून दाबून कुटार भरले आणि तोंडे शिवली. एका पोत्यात साधारण १२ किलो बसले. पोते आडवे ठेवायचे आणि वरच्या बाजूला चाकूने फुली मारून रोप लावायचे.

बांधलेला गठ्ठा मिळाला तर तो साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि १५ ते २० किलो वजनाचा असतो. काडाची कापलेली टोके वर येतील आणि दोऱ्या बाजूंनी राहतील असा ठेवा. म्हणजे पाणी आत उतरते. सुतळी कुजून तुटते, म्हणून वरून एक नायलॉन दोरी गुंडाळून घ्या.

यादी पुढीलप्रमाणे. एवढ्यावर सुरुवात होते.

काड किंवा कुटार : पहिल्या वर्षी दोन-तीन गठ्ठे किंवा पाच-सहा पोती पुरेत.
युरिया : गव्हाच्या काडाला दर किलोला एकूण २० ते २२ ग्रॅम, कुटाराला त्याच्या निम्मा. ४५ किलोची गोणी घेण्याची गरज नाही. शेतकरी नातेवाइकाकडून एक-दोन किलो आणला की भागते.
१०:२६:२६ खत : गठ्ठ्याला १०० ग्रॅम, पोत्याला त्याच्या निम्मे.
कुजलेले शेणखत किंवा बकरीच्या लेंड्यांचे जुने खत : दोन घमेली.
विटा : गठ्ठा जमिनीपासून उचलण्यासाठी. मातीवर ठेवला तर उधई लागलीच समजा.
तुराट्या किंवा बांबू : टोमॅटोच्या आधारासाठी.
जुनी जाळी : बकऱ्यांसाठी. आमच्या मोहल्ल्यात हा खर्च टाळता येत नाही.

रासायनिक खत नको असेल तर दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून पुढे आलेले अमृतजल वापरता येते : एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ १० लिटर पाण्यात तीन दिवस ठेवून, दिवसातून तीनदा ढवळून, मग दहापट पाण्यात मिसळून द्यायचे. याने वेळ जास्त लागतो. अंगावर शिंतोडे उडाले की नमाजेआधी कपडे बदलावे लागतात, म्हणून बागेचा एक जुना कुर्ता आम्ही खुंटीला वेगळाच ठेवला आहे.

बारा दिवसांची तयारी

गठ्ठा आधी जागेवर ठेवा, मग भिजवा. भिजल्यावर वजन तिपटीच्या आसपास जाते आणि तो हलत नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर स्लॅबचा विचार आधी करा. जागेला रोज सहा तास ऊन हवे, आणि चूल व विजेच्या तारा लांब हव्यात.

२० किलोच्या गव्हाच्या गठ्ठ्याचा हिशेब असा : पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी १०० ग्रॅम युरिया पसरून वरून पाणी. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी फक्त पाणी. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी ५० ग्रॅम युरिया आणि पाणी. दहाव्या दिवशी १०:२६:२६. मग दोन दिवस फक्त ओल. या काळात गठ्ठा आतून तापतो. मनगटापर्यंत हात घालून पाहा. चटका बसला तर रोप लावू नका, मुळे शिजतील. कोमट लागला की तयार. वर छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, कुजणे सुरू झाल्याची ती खूण आहे. मात्र त्या खाऊ नका आणि मुलांना हात लावू देऊ नका.

एका गठ्ठ्यावर टोमॅटोची दोन-तीन किंवा मिरचीची चार रोपे. खड्डा करून मूठभर शेणखत टाकून रोप लावा. मेथी, पालक, कोथिंबीर यांसाठी वर दोन इंच खताचा थर देऊन बी पेरा.

पाणी : इथेही परीक्षा

खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरला आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील वाचकांना बोअरच्या पाण्याची चव वेगळी सांगायला नको. आमच्याकडे जानेवारीत नळ लांबला तेव्हा दोन आठवडे बोअरचे पाणी दिले. पोत्यांवर पांढरी खपली आली आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. गोडे पाणी मिळताच दोनदा भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढले, तेव्हा रोपे सावरली. काळ्या मातीत क्षार अडकून राहतात, कुटारातून ते वाहून जातात, हा या पद्धतीचा आपल्या भागातला मोठा फायदा. पण रोज खारे पाणी दिले तर कुटारही वाचवणार नाही. शंका असेल तर पाण्याची बाटली भरून कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारणा करा. खाऱ्या पाण्यात घेवडा आणि गाजर लवकर हार मानतात, पालक बराच तग धरतो.

हिवाळ्यात गठ्ठ्याला रोज चार-पाच लिटर पाणी लागते. आम्ही वुजूच्या जागी टब ठेवला. पाच माणसांच्या घरात रोज एक बादली पाणी जमते, त्यात साबण नसतो. तेवढ्यावर सहापैकी तीन पोती निघतात. ही सोय अम्मींनीच काढली.

दुसऱ्या वर्षी टोमॅटो भरपूर नाही, पण घरापुरते आले. मिरची जास्त आली. पुदिना पोत्याच्या कडेने असा पसरला, की रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीसाठी शेजारच्या दोन घरी जुड्या गेल्या. मे महिन्यात पोती फाडली तेव्हा आत काळीभोर, भुसभुशीत माती होती. अम्मींनी ती मुठीत घेऊन दाबली, नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "ही गावच्यासारखी आहे." आता ती फाटकाबाहेरच्या खाऱ्या मातीवर थोडी थोडी पसरतो आहोत.

यंदा सोयाबीन निघाले की तुमच्या गावातही कोणाचे तरी कुटार भिजलेले असेल. भाव शेवटी विचारा. आधी हे चार प्रश्न विचारा.