सेकंड हॅण्ड, पण फर्स्ट क्लास?

एकेकाळी ज्याच्याकडे फक्त लांबून पाहायचं, तो प्रोफेशनल कॅमेरा आज चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतोय. घ्यायचा की सोडायचा?

मोबाइल घेताना आपण रात्ररात्र रिव्ह्यू पाहतो. गाडी घेताना अख्ख्या ऑफिसला विचारतो. पण जुना प्रोफेशनल कॅमेरा समोर आला की भलेभले विरघळतात! कारण सिंपल आहे. हा प्रकार आपण कायम दुसऱ्याच्या हातात पाहिलेला असतो. क्रिकेटच्या बाउंड्रीबाहेर, नेत्यांच्या सभेत, नाहीतर श्रीमंत लग्नांत. तो एकदा आपल्या हातात आला की डोकं बाजूला आणि बोट शटरवर.

माझ्या हातात आला तो निकॉन डी४. यवतमाळमध्ये लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी मिररलेस घेतला आणि हा विकायला काढला. दोन बॅटऱ्या, चार्जर, बिल सगळं जागेवर. किंमत ५५ हजार. ‘‘दोन दिवस घरी न्या ताई. पाहून घ्या, मग सांगा,’’ दादा म्हणाले.

आता हा डी४ म्हणजे काय चीज आहे? जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत होती जवळपास ६ हजार डॉलर. १६ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फोटो, वजन बॅटरीशिवाय १,१८० ग्रॅम. दोनच वर्षांत डी४एस आला आणि त्याचं राज्य संपलं. माझ्याकडे आहे डी५३००. छोटा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, प्लास्टिकची हलकी बॉडी. आणि बजेट? फ्रीलान्सिंगच्या मानधनातून साठवलेले ७० हजार. तेही खरंतर लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी!

वाघ किती वेळा दिसतो?

आमच्या जिल्ह्यात कॅमेरा म्हटलं की पहिलं नाव येतं टिपेश्वरचं. पांढरकवड्याजवळचं हे १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. रेडिओ कॉलर लावलेला इथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये जवळपास १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला आणि ‘वॉकर’ म्हणून फेमस झाला. तेव्हा दादांच्या दुकानात उभी असताना माझ्याही डोळ्यांसमोर सुन्ना गेट, हिवाळ्यातली पहाट आणि सागाच्या झाडांतून येणारा वाघच होता.

पण जरा गणित मांडा. वाघ लांब असेल, तर डी५३००चा छोटा सेन्सर लेन्सच्या चित्रातला मधला भाग उचलतो आणि त्यावर पूर्ण २४ मेगापिक्सेल देतो. डी४च्या फोटोतून तेवढाच भाग कापला तर हातात उरतात जेमतेम ७! म्हणजे चांगल्या उजेडात, लांबच्या प्राण्यासाठी माझा साधा कॅमेराच भारी. तिथे पैसे घालायचे तर लेन्समध्ये. महागडी बॉडी घेतली म्हणून वाघ जवळ येत नाही.

आपलेच फोटो उघडा

मग डी४ कशासाठी? याचं उत्तर माझ्याच हार्डडिस्कमध्ये होतं. गेल्या वर्षात ज्या फोटोंचे मला पैसे मिळाले, ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकले. प्रत्येक फोटोच्या आत लेन्स, शटर स्पीड आणि आयएसओची नोंद असतेच. निकाल? एकही वाघ नाही! बचत गटाच्या बैठका, संध्याकाळची जिनिंग, घरात बसून घेतलेल्या मुलाखती, शाळांची गॅदरिंग्ज. निम्म्याहून जास्त फोटो ट्यूबलाइटखाली, आयएसओ ३२००च्या वर, आणि तेही साध्या ५० एमएम लेन्सने काढलेले.

इथे मोठा सेन्सर खेळ बदलतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या सव्वादोन पटींपेक्षा जास्त. उजेड तेवढा जास्त गोळा होतो, फोटोतले दाणे कमी होतात. दुसरा फायदा जागेचा. छोट्या सेन्सरवर ५० एमएम लेन्स ७५ सारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ बायका बसल्यात आणि मागे भिंत. सरकणार कुठे? डी४वर तीच लेन्स मोकळी होते.

मी दोन्ही कॅमेरे घेऊन एका बचत गटाच्या बैठकीला गेले. तीच खोली, तीच लेन्स, आयएसओ ६४००. घरी येऊन फोटो शेजारी शेजारी लावले. डी५३००च्या फोटोत मागच्या रांगेतल्या आजींच्या चेहऱ्याचा रवा झाला होता. डी४मध्ये सुरकुत्या मोजता येत होत्या. बस्स, हा पुरावा मला पुरेसा होता.

दात मोजा

आमच्याकडे बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, मग किमतीवर येतात. कॅमेऱ्याचे दात म्हणजे शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये तो लपलेला असतो आणि ‘एक्झिफटूल’ हे फुकटातलं सॉफ्टवेअर तो दाखवतं. या डी४चा निघाला १ लाख ८६ हजार. कंपनीने शटरची चाचणी केली होती ४ लाखांपर्यंत. हा आकडा म्हणजे गॅरंटी नव्हे आणि मरणाची तारीखही नव्हे. पण एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक सहज होतात, त्या हिशेबात हे वय ठीकच म्हणायचं.

पार्टचं काय?

खरी मेख इथे आहे. मॉडेल बंद होऊन वर्षं झाली की कंपन्या हळूहळू सुटे भाग ठेवणं थांबवतात. त्यात यवतमाळमध्ये राहणाऱ्या माझ्यासारखीला रिपेअर म्हणजे किमान नागपूरची एसटी. म्हणून किमतीत दुरुस्तीचा खर्च आधीच धरायचा.

कार्डाचंही तसंच. डी४मध्ये एक खाच सीएफ कार्डाची आणि दुसरी एक्सक्यूडीची. एक्सक्यूडी आता मागे पडलंय. हुबेहूब तशाच आकाराचं सीएफएक्सप्रेस कार्ड त्या खाचेत बसतं, पण डी४ ते ओळखत नाही! म्हणजे सीएफ कार्डं जपून वापरायची. शिवाय वायफाय नाही, फोरके व्हिडिओ नाही. रील्स बनवणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. नव्या मिररलेससारखा हा प्राण्यांचा डोळाही शोधून देत नाही.

एक छुपा बोनस मात्र आहे. डी४च्या बॉडीत फोकसची मोटर आहे. त्यामुळे जुन्या ‘डी’ सीरिजच्या स्वस्त लेन्सेस त्यावर ऑटोफोकस होतात. माझ्या डी५३००वर त्या हाताने फिरवाव्या लागतात.

पैसे देण्याआधी अर्धा तास

* एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. पुसूनही न जाणारी रेघ दिसली, तर रामराम.
* लेन्सची टोपी लावून काळा फोटो काढा. चमकणारे ठिपके मोजा.
* सीएफच्या खाचेत टॉर्च मारा. आतली एक पिन वाकलेली असली तरी व्यवहार नको.
* मेन्यूतल्या ‘बॅटरी इन्फो’मध्ये बॅटरीचं वय दिसतं. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदलायला झालेली.
* उभ्या फोटोसाठीचं दुसरं शटर बटणही दाबून पाहा.
* बिलावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळवा.

तर, घेतला का? घेतला! एक बॅटरी चारवर होती, रबर सुटलेलं होतं, ते दाखवून ४८ हजारांत. ‘‘ताई, तुम्ही तर बाजारात बैल घेतल्यासारखा घेतला,’’ दादा हसून म्हणाले. उरलेल्या २२ हजारांपैकी १० दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेत, १२ जुन्या ८५ एमएम ‘डी’ लेन्ससाठी. लांब पल्ल्याची लेन्स गेली पुढच्या वर्षावर. टिपेश्वरचा वाघ तोवर थांबेल, बचत गटाची बैठक मात्र येत्या शुक्रवारी आहे.

तुमच्या फोल्डरमध्ये पक्षी आणि वाघ जास्त निघाले, तर तुमचं उत्तर माझ्या उलट असेल आणि तेही शंभर टक्के बरोबर असेल. फक्त दुकानात जाण्याआधी ते फोल्डर उघडा. कॅमेरा स्वप्नासाठी घ्यावासा वाटतो, पण त्याचे पैसे फेडतं ते रोजचं काम!