कुलूप शाबूत होतं

एप्रिल 2016 मध्ये व्हॉट्सॲपच्या प्रत्येक संभाषणात एक सूचना उगवली. संदेश आता कुलूपबंद आहेत, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येणार नाहीत. आपली 'शुभ सकाळ'ची गुलाबफुलंसुद्धा त्या दिवसापासून कडेकोट बंदोबस्तात जाऊ लागली. दावा खोटा नव्हता. पण पाळत ठेवणाऱ्यांनी कुलपाचा नाद सोडून थेट घरात शिरायचं ठरवलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एसएमएस आला: तुरुंगांतल्या छळाची नवी माहिती, सोबत लिंक. असले डाव त्यांच्यावर आधीही पडले होते. त्यांनी लिंक न उघडता टोरांटोच्या 'सिटिझन लॅब' या संशोधन गटाकडे धाडली. लिंकमागे ॲपललाही ठाऊक नसलेल्या तीन त्रुटींचा वापर करणारं 'पेगासस' निघालं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हे हेरतंत्र, आणि गिऱ्हाईक सरकारी यंत्रणा. वाटेत कितीही गुप्त असला तरी संदेश पडद्यावर उलगडावाच लागतो. पेगासस तिथेच टपून बसतं, वर माइक आणि कॅमेराही ताब्यात घेतं. ॲपलने त्रुटी बुजवल्या. मन्सूर मात्र मार्च 2017 मध्ये पकडले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

2019 मध्ये लिंकचीही गरज उरली नाही. व्हॉट्सॲपवर कॉल यायचा, तो उचलला नाही तरी काम फत्ते. असे सुमारे 1400 फोन लक्ष्य झाले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने संबंधितांना कळवलं, तेव्हा भीमा कोरेगाव खटल्यातल्या आरोपींची बाजू मांडणारे नागपूरचे वकीलही त्यांत निघाले. मिस्ड कॉलला आपण तोवर फुकटचा निरोप समजत होतो!

जुलै 2021 मध्ये जगभरातल्या माध्यमांनी संभाव्य लक्ष्यांची यादी उजेडात आणली आणि प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखालच्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं. अमेरिकेत व्हॉट्सॲपने भरलेल्या दाव्यात एनएसओ डिसेंबर 2024 मध्ये जबाबदार ठरली. फोन कुणाच्या सांगण्यावरून फोडले, याचं उत्तर नागपूरच्या वकिलांना त्या निकालातही मिळालं नाही.